एफएमजीईत 138 आणि मग 143 : "थोडक्यात गेलं" म्हणण्याआधी हे वाचा

प्रश्न डोंबिवलीच्या एका वडिलांचा आहे. मुलगी किर्गिझस्तानातून एमबीबीएस करून आली, एफएमजीई, म्हणजे परदेशी पदवीवाल्यांना इथं रजिस्ट्रेशनसाठी द्यावी लागणारी चाळणी परीक्षा, दोनदा दिली, पहिल्यांदा 138 आणि दुसऱ्यांदा 143, पासिंगला 300 पैकी 150 लागतात. मुलीचं काय चुकलं असं ते विचारतात, आणि आता घरात तीन मतं आहेत. आई म्हणते एवढ्या थोडक्यात जातंय तर तोच क्लास परत लाव. मामा म्हणतो ओळखीच्या नर्सिंग होममध्ये रात्रीची आरएमओ, म्हणजे ड्युटी डॉक्टर, म्हणून चिकटव, अनुभव मिळेल, पगार मिळेल, अभ्यास काय साइडला होईलच. मुलगी म्हणते इकडचं सोडा, मी ब्रिटनची प्लॅब देते नाहीतर अमेरिकेची यूएसएमएलई. आणि शेवटी जाता जाता विचारलंय की धाकटा मुलगा यंदा नीट देतोय, त्यालाही तिकडेच पाठवावं का.

मी फिजिशियन आहे, परळ-दादर पट्ट्यात बरीच वर्षं काम केलं, परदेशातून आलेल्या मुलांना संध्याकाळी मेडिसिन शिकवते, आणि यातली पास झालेली मुलं पुढे इंटर्न म्हणून वॉर्डात येतात तेव्हा तिथंही दिसतात. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बघितलेलं सांगते. लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी मामांचा विषय संपवू, कारण त्यात मत-बित काही नाही, सरळ कायदा आहे. रजिस्ट्रेशन नसताना प्रॅक्टिस करणं हा गुन्हा आहे, नॅशनल मेडिकल कमिशन ॲक्ट 2019 च्या कलम 34 मध्ये एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं लिहिलेलं आहे. किर्गिझस्तानची डिग्री शंभर टक्के खरी असली तरी ही परीक्षा पास होऊन कौन्सिलचा नंबर मिळेपर्यंत इथल्या कायद्याच्या दृष्टीने ती पेशंटला पॅरासिटामॉलसुद्धा लिहून देऊ शकत नाही. ठाणे-कल्याण-डोंबिवलीकडे छोट्या नर्सिंग होमना रात्रपाळीला माणूस मिळत नाही हे सगळ्यांना माहितीय, म्हणून "तुम्ही फक्त बीपी बघा, सलाइन लावा, काही वाटलं तर सरांना फोन करा" असं सांगून ठेवून घेणारे निघतातच. पण रात्री तीनला छातीत दुखतंय म्हणून माणूस येतो, सर फोन उचलत नाहीत, आणि सकाळी काही बरंवाईट झालं की पोलीस केसपेपरवरचं अक्षर कुणाचं ते विचारतात, फोन कुणी उचलला नाही ते नाही विचारत. डिसेंबर 2022 मध्ये सीबीआयने देशभर 91 ठिकाणी छापे घातले होते ते आठवत असेल, ही चाळणी परीक्षा पास न होताच राज्यांच्या कौन्सिलांकडून रजिस्ट्रेशन मिळवल्याच्या आरोपावरून 73 परदेशी पदवीधरांची नावं त्यात होती, आणि 14 राज्यांच्या कौन्सिलांचीसुद्धा. तेव्हापासून कागद बारकाईने बघतात. तुमच्या मुलीचा पुढचा सगळा जन्म या व्यवसायात जायचाय, रात्रपाळीच्या पगारासाठी त्यावर पोलीस केस लावून घेऊ नका.

अनुभव हवाच असेल तर एखाद्या ओळखीच्या फिजिशियनकडे नुसतं बाजूला बसायला पाठवा, आठवड्यातून दोन सकाळी, बिनपगारी. सही नाही, शिक्का नाही, औषध लिहायचं नाही, पेशंटला "या शिकतायत" असं स्पष्ट सांगायचं. याचा उपयोग पुढे सांगते, बराच आहे.

आता मार्कांचं. घरी "12 मार्कांनी गेलं", "7 मार्कांनी गेलं" असं बोललं जातंय ना, ते आधी बंद करा, कारण गणित तसं नाहीये. 300 प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, निगेटिव्ह मार्किंग नाही. समजा एखाद्याला 100 प्रश्न अगदी पक्के येतात आणि उरलेले 200 तो डोळे मिटून टिक करतो, तर सरासरी 50 बरोबर निघतील, झाले 150. म्हणजे 300 पैकी 100 पक्के येणाऱ्याला पास व्हायचा निम्मा तरी चान्स आहे. या हिशोबाने 138 म्हणजे साधारण 84 पक्के आणि बाकी 54 नशिबाचे, 143 म्हणजे 91 च्या आसपास पक्के. आणि नशिबाचा भाग असा की तो कधीही सहा-सात मार्क इकडे नाहीतर तिकडे जातो, एखाद वेळी दहा-बाराही. त्यामुळे 138 वरून 143 झाले याचा अर्थ सहा महिन्यांत काहीतरी सुधारलं असा काढायची घाई नको, काहीच न बदलता तिसऱ्यांदा बसली तर 136 येतील नाहीतर 151 येतील. 151 आले तर पेढे वाटा, पण त्या भरवशावर सहा महिने घालवू नयेत. टार्गेट 180 चं ठेवायचं, म्हणजे 140 पक्के, मग नशिबाने पाठ फिरवली तरी 165 च्या खाली जात नाही.

मी वर डोळे मिटून म्हटलं खरं, पण प्रत्यक्षात डोळे मिटून कोणी टिक करत नाही, आणि खरी गोची तिथेच आहे. काहीच माहीत नसलेला चारातला एक उचलतो, त्याला पंचवीस टक्के मिळतात. अर्धवट माहिती असलेला मात्र पेपर काढणाऱ्याने मुद्दाम त्याच्यासाठीच ठेवलेला चुकीचा पर्याय उचलतो आणि त्याला पंचवीसपेक्षाही कमी मिळतात. एक नमुना देते. माणूस जमिनीवर झोपला होता, पहाटे पोटात दुखून उठला, थोड्या वेळाने पापण्या मिटायला लागल्या, गिळता येईना, अंगावर दंशाची खूण सापडत नाही, साप कुठला. अर्धवट वाचलेल्याला "पापण्या पडल्या म्हणजे न्यूरोटॉक्सिक, न्यूरोटॉक्सिक म्हणजे नाग" एवढंच आठवतं आणि तो नाग टिक करून पुढे जातो. उत्तर मण्यार आहे, कारण रात्रीची वेळ, जमिनीवर झोपणं, पोटदुखी आणि न दिसणारी खूण हे सगळं मण्यारीचं आहे, नागाच्या दंशाला जागेवर सूज येते, दुखतं, माणूस तेव्हाच ओरडून उठतो. ज्याने पालघरकडचा असा एक पेशंट व्हेंटिलेटरवर बघितलाय त्याला या प्रश्नाला दहा सेकंद लागतात. ज्याने व्हिडिओत बघितलंय त्याला दोन मिनिटं लागतात आणि तरी चुकतो.

मुलीचं काय चुकलं असं विचारलं होतं ना तुम्ही, तर माझ्या मते मुलीचं फार काही चुकलेलं नाही, ती जिथं शिकली तिथं हे पेशंटच नव्हते. किर्गिझस्तानला जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये मलेरियामुक्त म्हणून सर्टिफिकेट दिलंय, मग तिथं मलेरियाची स्लाइड बघून कोण देणार. लेप्टो (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप), डेंग्यू, टायफॉइडची गुंतागुंत, कीटकनाशक पिऊन आलेला माणूस, हे इथं जुलै-ऑगस्टमध्ये कुठल्याही मोठ्या सरकारी नाहीतर म्युनिसिपल हॉस्पिटलच्या मेडिसिन वॉर्डात एका राउंडमध्ये दिसतं, खाटा भरून खाली गाद्या टाकलेल्या असतात तेव्हा तर विचारूच नका. त्यात भर म्हणजे शिकवायची भाषा इंग्रजी आणि पेशंटची भाषा किर्गिझ नाहीतर रशियन, त्यामुळे हिस्ट्री घेणं, म्हणजे पेशंटला विचारून आजाराची सगळी माहिती काढणं, हा प्रकार बहुतेक मुलांनी लांबून बघितलेला असतो. तुमच्या मुलीला विचारा, तिकडे तिने स्वतः एकटीने किती पेशंटची पूर्ण हिस्ट्री घेतली. मी विचारते तेव्हा बरीच मुलं खाली बघतात. आणि आता प्रश्नपत्रिकेत एका ओळीचे पाठांतराचे प्रश्न कमी होत चाललेत, गोष्ट सांगून विचारतात. पुराच्या पाण्यातून चालत आलेला माणूस, ताप, पोटऱ्या दुखतायत, डोळे लाल पण पू नाही, कावीळ, लघवी कमी झालीय. व्हायरल हेपटायटिस टिक करणारे ढिगाने भेटतात, कारण कावीळ शब्द वाचला की पुढचं वाचायचं थांबतात. लेप्टो आहे ते. मुंबईत राहणाऱ्याने हा प्रश्न चुकवावा याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

म्हणूनच वर बाजूला बसायला सांगितलं. पावसाळ्यात आठवड्यातून दोन सकाळी कुणाच्या तरी ओपीडीत बसून जे डोक्यात बसतं ते पन्नास तासांच्या लेक्चरनी बसत नाही. घरी येऊन त्याच दिवशी त्या आजाराचं वाचायचं आणि त्यावरचे पंचवीस-तीस एमसीक्यू सोडवायचे, एवढीच अट.

आईंचं म्हणणं, तोच क्लास परत. नको. पाच-सहाशे तासांचे व्हिडिओ तिने दोनदा बघितलेत, तिसऱ्यांदा बघताना सगळं ओळखीचं वाटेल आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं नव्हे. व्हिडिओ चालू असताना अभ्यास झाल्यासारखं वाटतं, घरच्यांनाही वाटतं, खोलीचं दार बंद आहे, इअरफोन लावलेत, म्हणजे चाललाय अभ्यास. तिसऱ्या प्रयत्नाला दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ प्रश्न सोडवण्यात गेला पाहिजे, आणि प्रश्नाइतकाच वेळ चुकलेल्या प्रश्नाच्या मागे. एक वही करायला सांगा. चुकलेला प्रत्येक प्रश्न त्यात दोन ओळींत, आणि समोर कारण: हे मला माहीतच नव्हतं, का माहीत होतं पण दोन गोष्टींत गोंधळले, का प्रश्न नीट वाचला नाही. दोन आठवड्यांनी वही उघडली की मुलीचं मुलीलाच कळतं. 140 च्या आसपास अडकलेल्या मुलांच्या वहीत "माहीतच नव्हतं" हे कारण तुम्हाला वाटतं त्यापेक्षा कमी असतं, "गोंधळले" सगळ्यात जास्त. मग औषध वेगळं, नवीन वाचायचं नाही, जोड्या सोडवायच्या. नाग-मण्यार, नेफ्रॉटिक-नेफ्रिटिक, प्लासेंटा प्रीव्हिया आणि ॲब्रप्शन, क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस. अशा शंभरेक जोड्या आहेत, त्या पक्क्या झाल्या की मार्क सरकतात.

आता विषयांचं, कारण इथं मुलं फार वेळ घालवतात. वीस विषय आहेत आणि बहुतेक जण पहिल्या वर्षासारखं ॲनाटॉमीपासून सुरू करतात, तीन महिने हाडं-नसा करतात आणि पीएसएमला, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या विषयाला, शेवटचे आठ दिवस उरतात. आता वाटणी बघा. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री प्रत्येकी 17. पॅथॉलॉजी, मायक्रो, फार्मॅक प्रत्येकी 13, फॉरेन्सिक 10. हे झाले 100. उरलेले 200 क्लिनिकल, त्यात मेडिसिन 33, सर्जरी 32, गायनॅक 30, पीएसएम 30, आणि मुलांचे आजार, डोळे, ईएनटी प्रत्येकी 15. बाकी सायकियाट्री, स्किन, रेडिओथेरपी, भूल, ऑर्थो, रेडिओलॉजी हे प्रत्येकी 5. म्हणजे मेडिसिन, सर्जरी, गायनॅक, पीएसएम, पिडिॲट्रिक्स, डोळे, ईएनटी या सातांतच 170 मार्क आहेत. डोळे आणि ईएनटी मिळून 30, गायनॅकइतकेच, आणि वाचायला गायनॅकच्या निम्मेपण नाहीत. मी तर म्हणते उलटीकडून सुरू करा, पीएसएम पहिला. लसीकरणाचं वेळापत्रक, टीबीचा राष्ट्रीय कार्यक्रम, सेन्सिटिव्हिटी-स्पेसिफिसिटीची गणितं, पाण्याचं क्लोरिनेशन, हे कुठल्याच परदेशी कॉलेजात भारतातल्यासारखं शिकवत नाहीत, त्यामुळे परदेशातून आलेल्यांचा सगळ्यात कच्चा विषय हा, आणि 30 मार्कांना आहे, आणि पाठ केला की मार्क देतो. मुंबईत तर त्यातलं निम्मं रस्त्यावर दिसतं, आरोग्य केंद्राच्या भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर उभं राहून वाचलं तरी दोन मार्क वसूल. ॲनाटॉमीत भ्रूणशास्त्र, नसांच्या इजा आणि न्यूरोॲनाटॉमीचं तेवढं करा, बाकी 17 मार्कांसाठी आख्खं पुस्तक परत उघडू नका. यावर माझ्याशी भांडणारे शिक्षक आहेत, भांडू देत.

मॉक टेस्ट. परीक्षा एका दिवसात दोन भागांत असते, प्रत्येकी 150 प्रश्न, प्रत्येकी अडीच तास, मध्ये ब्रेक. दुसऱ्या भागात मेंदू थकतो आणि "प्रश्न नीट वाचला नाही" वाल्या चुका तिथं वाढतात, म्हणून मॉक पण तसाच द्यायचा, सकाळी एक दुपारी एक, त्याच दिवशी. घरी टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या, खाली गणपतीच्या मंडळाची मीटिंग चालू असताना पाच तास होत नाहीत, सरळ एखाद्या अभ्यासिकेत पाठवा, डोंबिवली-ठाण्यात भरपूर आहेत. नाव जूनची आणि डिसेंबरची परीक्षा असलं तरी प्रत्यक्ष तारीख बऱ्याचदा पुढच्या महिन्यात जाते, त्यामुळे वेळापत्रक नोटिफिकेशन बघूनच करा. आणि एक बारीकशी गोष्ट, सेंटर हार्बर लाइनवर कुठे आलं आणि परीक्षा रविवारी असेल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक बघून ठेवा, रिपोर्टिंगची वेळ चुकली तर आत घेत नाहीत.

आता मुलीचं प्लॅब आणि यूएसएमएलई. तिचा राग मला समजतो. मागे एका मुलीच्या काकांनी मला ऐकवलं होतं की आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी 1886 ला अमेरिकेतून डॉक्टर झाल्या, त्यांना कुणी चाळणी लावली होती का. नव्हती लावली, कारण तेव्हा मुंबई इलाख्यात डॉक्टरांचं सरकारी रजिस्टरच नव्हतं, तो कायदा 1912 मध्ये आला, आणि परदेशी पदवीसाठी ही परीक्षा तर 2002 पासून. तेव्हा सोव्हिएत संघ मोडल्यानंतर तिकडून शिकून आलेल्या शेकडो मुलांच्या पदव्यांचं काय करायचं हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता, त्यातून हे ठरलं. अन्याय वगैरे वाटतो, पण निकाल बघितला तर दर वेळी साधारण पाचातला एक पास होतो, कधी दहातला एक, कधी त्याहून बरा. याचा दोष सगळा परीक्षेवर टाकता येत नाही, जे देश आपल्या एजंटांनी स्वस्त म्हणून लोकप्रिय केले तिथं शिकवतात काय हेही त्यात आलं.

प्लॅबचा पहिला भाग 180 प्रश्न, तीन तास, मुंबईतही सेंटर असतं. दुसरा भाग मँचेस्टरला जाऊन द्यायचा, तिथं प्रश्नपत्रिका नाही, एकेका खोलीत नट-नटी पेशंट म्हणून बसलेले असतात, त्यांच्याशी बोलायचं, तपासायचं, समजावायचं. त्याआधी इंग्रजीची परीक्षा, आयईएलटीएस दिली तर एकूण 7.5 आणि कुठल्याच भागात 7 च्या खाली नाही. आणि एवढं करून तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलला पूर्ण रजिस्ट्रेशनसाठी इंटर्नशिप झालेली हवी असते, ती तिच्या डिग्रीत धरतात का नाही हे आधी लेखी विचारून घ्या, इथली इंटर्नशिप तर एफएमजीईशिवाय मिळतच नाही, म्हणजे फिरून परत तिथेच. शिवाय प्लॅब पास होऊन नोकरीसाठी महिनोन्महिने अर्ज करत बसलेली मुलं आता खूप आहेत, पास होणं वेगळं आणि नोकरी मिळणं वेगळं.

यूएसएमएलई टप्प्याटप्प्यांत असते, त्यातली स्टेप वन जानेवारी 2022 पासून फक्त पास-नापास झाली, त्यावरून मुलांना वाटतं सोपी झाली. उलट आता सगळं वजन स्टेप टूच्या स्कोअरवर आलंय, आणि ती पूर्णपणे क्लिनिकल आहे, लांबच लांब केसेस. एका स्टेपला जास्तीत जास्त चार प्रयत्न, नापास झालेलं रेकॉर्डवर राहतं, आणि डिग्रीनंतर जितकी वर्षं गेली तितकं रेसिडेन्सी, म्हणजे तिथली पुढच्या शिक्षणाची नोकरी, मिळणं अवघड. मुंबईतून दर वर्षी मुलं जातात, जाऊ नये असं मी म्हणत नाहीये, पण जी 138 ला क्लिनिकल कच्चं असल्यामुळे अडकली तिची सुटका त्याच कच्च्या विषयाच्या आणखी लांब, आणखी महाग परीक्षेने होणार नाही. आधी एफएमजीई काढा. 180 आले तर तिलाच कळेल की स्टेप टू झेपेल का.

नेक्स्ट नावाच्या नव्या परीक्षेची भीती घालणारे क्लासवाले भेटतील. कायद्यात ती परीक्षा आहे, भारतातल्या आणि परदेशातल्या सगळ्या एमबीबीएसवाल्यांना एकच, 2023 मध्ये तिची मॉक टेस्ट जाहीर होऊन पुढे ढकललीसुद्धा, आत्तापर्यंत सुरू झालेली नाही. ती गृहीत धरून आज काहीही बदलायची गरज नाही.

पास झाल्यावरचं थोडं सांगते, कारण तिथं महिने वाया जातात. आधी कागद. आपल्याकडे दहावीच्या मार्कलिस्टवर आडनाव पहिलं, मग नाव, मग वडिलांचं नाव, पुढे आईचं नाव, पासपोर्टवर वेगळा क्रम, आणि तिकडच्या डिप्लोमावर रशियन अक्षरांतून परत इंग्रजीत आणलेलं तिसरंच स्पेलिंग. तीन कागदांवर तीन मुली दिसतात आणि फाइल अडकते. हे आत्ताच तपासा, फरक असेल तर ॲफिडेव्हिट, गरज लागली तर गॅझेट, निकाल लागायची वाट बघू नका. सगळे जुने पासपोर्ट जपा, येण्याजाण्याचे शिक्के विचारतात, कोर्सच्या काळात ती खरंच तिकडे होती का ते बघायला. कोविडमध्ये वर्ष-दीड वर्ष घरी बसून ऑनलाइन शिकली असेल तर त्या काळाची भरपाई कशी झाली याचं विद्यापीठाचं पत्र मागवून ठेवा, काही मुलांना त्यापायी एकाऐवजी दोन वर्षं इंटर्नशिप करावी लागलीय. मग महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं प्रोव्हिजनल रजिस्ट्रेशन, ऑफिस चिंचपोकळीला आर्थर रोड नाक्याजवळ आहे, बरंचसं काम आता ऑनलाइन होतं. त्यानंतर मान्यताप्राप्त ठिकाणी बारा महिन्यांची इंटर्नशिप, आणि ती झाल्यावर कायमचं रजिस्ट्रेशन.

इंटर्नशिपला मुंबईतलंच मोठं कॉलेज हवं म्हणून अडून बसू नका. इथं रेसिडेंट भरपूर, त्यामुळे परदेशातून आलेल्या इंटर्नच्या वाट्याला रिपोर्ट आणणं आणि ब्लडबँकेत चकरा मारणं जास्त. जिल्ह्याच्या ठिकाणी डिलिव्हरी स्वतःच्या हातांनी करायला मिळते, साप चावलेला माणूस पहिला तिच्यासमोर येतो, टाके घालून घालून हात बसतो. ज्या मुलीचा सगळा प्रॉब्लेम पेशंट न बघितल्याचा आहे तिला मी डोळे झाकून तिकडे पाठवीन. आईंना आवडणार नाही, माहितीय.

राहिला धाकटा. तो जाईल त्याला आता नवीन नियम आहेत, नोव्हेंबर 2021 चे, ताईच्या वेळचे नाहीत. कोर्स कमीत कमी 54 महिन्यांचा, इंग्रजी माध्यमात, एकाच संस्थेत पूर्ण, मग तिकडेच 12 महिने इंटर्नशिप, मग इथं येऊन परीक्षा, आणि वर इथली आणखी 12 महिने इंटर्नशिप, सगळं मिळून दहा वर्षांच्या आत. म्हणजे एजंट "पाच वर्षांत डॉक्टर" म्हणतो तेव्हा तुम्ही सात-आठ वर्षांचे पैसे मनात धरा. नीट क्वालिफाय होणं तर सक्तीचंच आहे, त्याशिवाय घेतलेली परदेशी डिग्री इथं धरत नाहीत. फिलिपिन्ससारख्या ठिकाणी मूळ कोर्स चार वर्षांचा असल्यामुळे याच 54 महिन्यांच्या नियमात बरीच मुलं अडकली होती.

माझं स्पष्ट मत, नीटला अगदी काठावर क्वालिफाय होत असेल तर पाठवू नका, कारण जी शिस्त नीटला कमी पडली तीच एफएमजीईला लागते आणि तिथं तर समोर शिकवणाराही नसतो. मार्क बरे असून फक्त सरकारी सीट हुकली असेल तर विचार करा, पण आधी एक वर्ष ड्रॉप घेऊन परत द्यायची त्याची तयारी आहे का ते विचारा. तरीही जायचंच ठरलं तर एजंटला हॉस्टेलमध्ये भारतीय जेवण मिळतं का हे विचारू नका, ते सगळीकडे मिळतं. विचारा की तिसऱ्या वर्षापासून मुलं कुठल्या हॉस्पिटलमध्ये जातात, तिथं खाटा किती आणि एका पेशंटभोवती विद्यार्थी किती. विचारा की तिथली भाषा शिकवतात का आणि तिची परीक्षा घेतात का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिथल्या नागरिकाला मिळतो तसाच प्रॅक्टिसचा परवाना भारतीय पासपोर्टवाल्या मुलाला तो देश देतो का, कारण नवीन नियमात तीसुद्धा अट आहे, आणि दिलेला असेल तर अशा एखाद्या मुलाशी थेट बोलणं करून द्या म्हणावं. उत्तरं कॉलेजच्या लेटरहेडवर मागा, व्हॉट्सॲपवरचा व्हॉइस मेसेज चालणार नाही असं आधीच सांगा, आणि ते पत्र हातात येईपर्यंत टोकन म्हणून एक रुपयाही देऊ नका.